विश्लेषण : गुन्हा देवाचा, शिक्षा मेडुसाला! ग्रीक पुराणकथांतील ‘दोषी’ स्त्रियांची फेरसुनावणी का सुरू आहे?

मेडुसा म्हणजे केसांच्या जागी साप असलेली राक्षसीण, पँडोरा म्हणजे जगात दुःख सोडणारी बाई, मेडिआ म्हणजे पोटच्या मुलांचा जीव घेणारी आई आणि क्लायटेम्नेस्ट्रा म्हणजे नवऱ्याला मारणारी राणी. ग्रीक पुराणकथांतील या स्त्रियांची ओळख शेकडो वर्षे अशी एका ओळीत उरकली गेली. गेल्या दोन दशकांत मात्र त्यांच्या बाजूने कथा सांगणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्या एकामागून एक येत आहेत, खपत आहेत आणि त्यांवर वादही झडत आहेत. पुराणातील पात्रांना आजचे विचार चिकटवण्याचा हा उद्योग असल्याचे एका बाजूचे म्हणणे आहे. अडीच हजार वर्षे एकतर्फी चाललेल्या खटल्यात आता कुठे बचाव पक्ष उभा राहतो आहे, असे दुसरी बाजू म्हणते. जुने ग्रंथ नीट उघडून पाहिले, तर दुसऱ्या बाजूचे पारडे जड ठरते. मात्र या नव्या पुस्तकांतील त्रुटींकडेही डोळेझाक करता येत नाही.

मेडुसाची कथा मुळात काय आहे?

मेडुसाचा सर्वांत जुना तपशीलवार उल्लेख हेसिऑड या ग्रीक कवीच्या ‘थिऑगनी’त सापडतो. हे काव्य साधारण इसवीसनपूर्व ७०० च्या सुमाराचे. त्यात मेडुसा ही तीन गॉर्गन बहिणींपैकी एक. दोघी बहिणी अमर, ही एकटीच मर्त्य. समुद्रदेव पोसायडन तिच्याशी एका कुरणात संग करतो. पुढे पर्सियस तिचे मस्तक उडवतो आणि तिच्या धडातून पेगासस हा घोडा व क्रायसेओर हा योद्धा जन्माला येतात. या कथेत मंदिर नाही आणि कुणाचा शापही नाही.

आज सर्वाधिक सांगितली जाणारी कथा त्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी आली. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसीस’मध्ये (इसवीसन ८ च्या सुमारास) मेडुसा ही सुंदर केसांची तरुणी आहे. समुद्रदेव नेपच्यून, म्हणजे ग्रीकांचा पोसायडन, तिच्यावर मिनर्व्हा देवीच्या मंदिरात बलात्कार करतो. मिनर्व्हा म्हणजे ग्रीकांची अथीना. देवी ढालीआड तोंड लपवते आणि नंतर शिक्षा करते ती मेडुसाला. तिच्या केसांचे साप होतात. नेपच्यूनला कोणी जाब विचारत नाही.

यातला एक तपशील सहसा सुटून जातो. ही हकीकत ओव्हिड स्वतः सांगत नाही, ती पर्सियसच्या तोंडी येते. अँड्रोमेडाशी लग्न झाल्यानंतरच्या मेजवानीत एक पाहुणा कुतूहलाने विचारतो, की तिन्ही बहिणींत हिच्याच केसांत साप का? तेव्हा पर्सियस मोजक्या ओळींत उत्तर देतो. म्हणजे मेडुसावरील बलात्काराचा एकमेव साक्षीपुरावा तिला मारणाऱ्याच्या तोंडून, त्याच्याच लग्नाच्या पंगतीत नोंदवला गेला आहे. मेडुसाला त्या काव्यात एकही वाक्य नाही. आजच्या लेखिका या रिकाम्या जागेत लिहीत आहेत.

‘मूळ कथा बदलली’ या आक्षेपात किती तथ्य?

फारसे नाही. ग्रीक पुराणकथांचा एकच प्रमाणग्रंथ नव्हता. प्रत्येक नगरराज्याची, प्रत्येक कवीची आपली आवृत्ती होती आणि आधीच्या कवीला वळसा घालून नवे काही सांगणे हाच त्या परंपरेचा शिरस्ता होता. हेसिऑड आणि ओव्हिड यांच्या मेडुसांमधील फरक वर आलाच आहे.

मेडिआचे उदाहरण आणखी बोलके आहे. युरिपिडीसचे ‘मेडिआ’ हे नाटक इसवीसनपूर्व ४३१ मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत सादर झाले आणि तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिले. जेसनने दुसरे लग्न ठरवले म्हणून त्याच्यापासून झालेल्या मुलांना मारणारी मेडिआ आपल्याला ठाऊक आहे ती या नाटकामुळे. पण तिच्या मुलांना कोरिंथच्या लोकांनी ठार केले, अशीही परंपरा प्राचीन काळी होती. दुसऱ्या शतकातील प्रवासी लेखक पॉसेनियस याने कोरिंथच्या वर्णनात ती नोंदवली आहे. जर्मन लेखिका क्रिस्टा वोल्फ यांनी १९९६ च्या ‘मेडिआ’ कादंबरीत हाच धागा उचलला. त्यांची मेडिआ खुनी नाही. परक्या देशातून आलेली, जास्त जाणणारी आणि म्हणून शहराला नकोशी झालेली ती बाई आहे. ‘मोडतोड’ केल्याचा आरोप वोल्फ यांच्यावर करायचा, तर तो आधी युरिपिडीसवरही करावा लागेल.

पँडोराच्या बाबतीत तर चूक चक्क अनुवादातली आहे. हेसिऑडच्या ‘वर्क्स अँड डेज’ या काव्यात तिच्याजवळ पेटी नाही, रांजण आहे. धान्य, तेल, मद्य साठवण्याच्या मोठ्या मातीच्या रांजणाला ग्रीकमध्ये ‘पिथॉस’ म्हणत. सोळाव्या शतकात इरॅस्मस या विद्वानाने लॅटिनमध्ये ही गोष्ट सांगताना ‘पिक्सिस’, म्हणजे डबी, असा शब्द वापरला आणि साऱ्या युरोपात ‘पँडोराची पेटी’ रूढ झाली. रांजण घरात असतोच. पेटी मुद्दाम उघडावी लागते. शब्द बदलला तसा दोषही गडद झाला.

हेसिऑडच्या त्या काव्यात पँडोराला ‘झाकण उघडू नकोस’ असे कोणी बजावल्याचा उल्लेख नाही. प्रोमिथियसने आग चोरली म्हणून माणसांना धडा शिकवण्यासाठी झ्यूसने तिला मातीतून घडवून घेतले आणि एपिमिथियसकडे पाठवले. ‘झ्यूसकडून काही घेऊ नकोस’ अशी ताकीद मिळाली होती ती एपिमिथियसला, आणि ती धुडकावली त्यानेच. हेसिऑड स्वतः स्त्रियांविषयी चांगले बोलणारा कवी नव्हे. तो पँडोरालाच दोष देतो. तरीही त्याने दिलेल्या तपशिलांतून दिसते ते असे : कट एका देवाचा, हलगर्जी एका पुरुषाची आणि बदनामी तिची.

शिक्षा करणारे हात कोणाचे आहेत?

या कथांचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. शिक्षा देणारी अनेकदा दुसरी स्त्री असते. ओव्हिडच्या काव्यात कॅलिस्टोवर ज्युपिटर बलात्कार करतो आणि तिला अस्वल बनवते ज्युपिटरची पत्नी जुनो. त्याआधी डायना देवीने तिला गर्भवती आहे म्हणून आपल्या सोबतिणींतून हाकलून दिलेले असते. अरॅकनी ही सामान्य घरातली विणकर मुलगी. ती मिनर्व्हाशी विणकामाची पैज लावते आणि देवांनी रूपे बदलून स्त्रियांना कसे फसवले, हेच आपल्या वस्त्रावर विणते. देवीला त्या कामात खोट काढता येत नाही. म्हणून ती वस्त्र फाडते, अरॅकनीला मारते आणि शेवटी तिचा कोळी होतो. तिचा गुन्हा उद्दामपणाचा होता असे म्हटले जाते. ओव्हिडच्या ओळींत मात्र देवीला झोंबते ते तिचे यश.

कॅसँड्राची कथा हा नियम वेगळ्या बाजूने दाखवते. अपोलोने तिला भविष्य पाहण्याची शक्ती दिली, पण तिने त्याला झिडकारले. मग तिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, असा शाप त्याने दिला. ट्रॉय पडल्यावर ती अथीनाच्या मूर्तीला बिलगली असताना एजॅक्सने तिला तेथून ओढून नेले. युरिपिडीसच्या ‘ट्रोजन विमेन’ (इसवीसनपूर्व ४१५) या नाटकाच्या सुरुवातीला अथीना याचा सूड घेण्यासाठी चक्क पोसायडनची मदत मागते. दोघे मिळून ग्रीकांची जहाजे बुडवायचे ठरवतात. पण देवीचा संताप आपल्या मंदिराच्या विटंबनेबद्दल आहे. कॅसँड्रा गुलाम होऊन ॲगमेम्नॉनच्या वाट्याला जाते, ते टळत नाही.

अथीना अशी का वागते? याचे उत्तर एस्किलसच्या ‘ओरेस्टिया’ नाट्यत्रयीत (इसवीसनपूर्व ४५८) मिळते. ॲगमेम्नॉनने युद्धाला वारे मिळावे म्हणून मुलगी इफिजेनिया हिचा बळी दिला. दहा वर्षांनी तो परतल्यावर क्लायटेम्नेस्ट्राने त्याला मारले. मुलगा ओरेस्टिसने आईला मारले आणि त्याच्यावर अथेन्समध्ये खटला चालला. तेथे अपोलो युक्तिवाद करतो, की खरा जन्मदाता पिता; आई केवळ बीज सांभाळणारी. मते समसमान होतात आणि ओरेस्टिस सुटतो. आपले मत त्याच्या बाजूने देताना अथीना कारण सांगते, की तिला आईने जन्म दिलेला नाही; ती झ्यूसच्या मस्तकातून आली आहे. सत्तेच्या मस्तकातून जन्मलेली स्त्री सत्तेचीच भाषा बोलते, हे एवढ्या स्पष्टपणे क्वचितच लिहिले गेले असेल. बाईच बाईची वैरी असते, असे म्हणून हे प्रकरण मिटवता येत नाही. अथीना आणि जुनो यांना राग काढायला खालची जागाच मोकळी आहे. वर झ्यूस बसला आहे.

फेरमांडणीची ही लाट कधी आली?

लाट नवी असली तरी झरा जुना आहे. फ्रेंच विचारवंत हेलेन सिक्सू यांचा ‘द लाफ ऑफ द मेडुसा’ हा गाजलेला निबंध १९७५ चा. क्रिस्टा वोल्फ यांची ‘कॅसँड्रा’ १९८३ मध्ये आली. शीतयुद्धाच्या काळात, पूर्व जर्मनीत राहून, युद्ध येत आहे असे ओरडून सांगणाऱ्या आणि कोणी न ऐकणाऱ्या बाईची गोष्ट त्यांनी लिहिली. कॅनेडियन लेखिका मार्गारेट ॲटवुड यांची ‘द पेनेलोपियाड’ २००५ मध्ये प्रसिद्ध झाली.

मोठा वाचकवर्ग मिळाला तो मॅडेलिन मिलर यांच्या ‘सर्सी’ (२०१८) या कादंबरीला. त्याच वर्षी पॅट बार्कर यांची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ आली. ‘इलियड’चा सारा तंटा ब्रिसेइस या युद्धात पकडलेल्या स्त्रीवरून सुरू होतो, पण होमरच्या त्या प्रचंड काव्यात तिला एकदाच सविस्तर बोलू दिले आहे. बार्कर यांनी युद्धछावणीची गोष्ट तिच्या तोंडून सांगितली. ब्रिटिश लेखिका नॅटली हेन्स यांनी ‘अ थाउजंड शिप्स’ (२०१९), ‘पँडोराज जार’ (२०२०) आणि मेडुसावरील ‘स्टोन ब्लाइंड’ (२०२२) अशी पुस्तके लिहिली. जेनिफर सेंट यांची ‘ॲरिॲडनी’ (२०२१), कोस्तान्झा कसाती यांची ‘क्लायटेम्नेस्ट्रा’ (२०२३) हीदेखील याच रांगेतली. २०१७ च्या अखेरीस ‘मी टू’ मोहीम जगभर पसरली आणि ‘तिचे ऐकले का गेले नाही’ हा प्रश्न घराघरांत पोहोचला. या पुस्तकांना मिळालेला प्रतिसाद त्यापासून वेगळा काढता येत नाही.

अनुवादांत काय दडले होते?

कादंबऱ्यांपेक्षाही महत्त्वाचे काम अनुवादांत झाले आहे. एमिली विल्सन यांचा ‘ओडिसी’चा इंग्रजी अनुवाद २०१७ मध्ये आला. एका स्त्रीने केलेला आणि प्रसिद्ध झालेला तो पहिला संपूर्ण इंग्रजी अनुवाद. या काव्याच्या बाविसाव्या सर्गात ओडिसियस घरी परतून पेनेलोपीच्या मागे लागलेल्यांना ठार करतो. नंतर त्यांच्याशी संबंध ठेवलेल्या बारा दासींना रक्ताने माखलेले दालन धुवायला लावले जाते आणि त्याचा मुलगा टेलेमॅकस त्यांना एकाच दोराने फासावर लटकवतो.

अनेक इंग्रजी अनुवादकांनी या प्रसंगी टेलेमॅकसच्या तोंडी दासींसाठी चारित्र्यहीनतेच्या शिव्या घातल्या होत्या. मूळ ग्रीक ओळीत तशी शिवी नाही. तेथे ‘त्या’ एवढ्याच अर्थाचे स्त्रीलिंगी रूप आहे. विल्सन यांनी हे दाखवून दिले आणि त्यांना ‘मुली’ म्हटले. त्या घरातल्या नोकर नसून गुलाम होत्या, हेही त्यांनी झाकले नाही. गुलाम स्त्रीला मालकाच्या घरात ठाण मांडलेल्या शंभरावर पुरुषांना नकार देण्याची कितपत मुभा असेल? शिवी घालून अनुवाद केला की हा प्रश्न वाचकाच्या मनात येतच नाही.

ओव्हिडबाबतही तेच झाले. बलात्काराच्या प्रसंगांना ‘मोहित केले’, ‘उपभोगले’ अशा मखमली शब्दांत गुंडाळण्याची सवय इंग्रजी अनुवादांना होती. स्टेफनी मॅकार्टर यांच्या २०२२ च्या ‘मेटामॉर्फोसीस’ अनुवादाने हे प्रसंग आडपडदा न ठेवता मांडले. त्याआधी २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी आपल्या वृत्तपत्रात लेख लिहून ओव्हिड शिकवण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला होता. शैलीचे सौंदर्य शिकवताना त्यातील अत्याचाराबद्दल वर्गात चकार शब्द निघत नाही, ही तक्रार होती. त्या वादाची ‘नाजूक पिढी’ अशी खिल्ली उडवली गेली. पण कवीने जे लिहिले आहे ते वाचताना त्याचा अर्थही सांगा, ही मागणी नाजूक कशी?

पुतळ्यावरून वाद का झाला?

इटलीत फ्लॉरेन्सच्या चौकात बेनवेनुतो चेलिनी याने घडवलेला पर्सियसचा ब्राँझ पुतळा सोळाव्या शतकापासून उभा आहे. पर्सियसच्या उंचावलेल्या हातात मेडुसाचे मस्तक आहे आणि पायाखाली तिचे धड. ही केवळ कलेच्या इतिहासातली वस्तू उरलेली नाही. २०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पर्सियसच्या जागी डोनाल्ड ट्रम्प आणि मेडुसाच्या जागी हिलरी क्लिंटन यांचा चेहरा बसवलेली चित्रे मग आणि टी-शर्टवर विकली गेली. अभ्यासक मेरी बिअर्ड यांनी ‘विमेन अँड पॉवर’ (२०१७) या छोटेखानी पुस्तकात याची दखल घेतली आहे. बोलणाऱ्या, सत्ता मागणाऱ्या बाईचे काय करायचे, याचे चित्र अडीच हजार वर्षांपासून तयारच होते. फक्त चेहरा बदलायचा होता.

याला उत्तर म्हणून लुचियानो गारबाती या शिल्पकाराचा पुतळा पुढे आला. २००८ मध्ये घडवलेल्या या शिल्पात मेडुसा उभी आहे आणि तिच्या हातात पर्सियसचे मस्तक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याची ब्राँझ प्रतिकृती न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या फौजदारी न्यायालयासमोरील उद्यानात ठेवली गेली. चित्रपट निर्माता हार्वी वाइनस्टीन याला त्याच वर्षी याच न्यायालयात दोषी ठरवण्यात आले होते. (ती शिक्षा २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला.) पुतळ्याचे स्वागत झाले तशी टीकाही झाली. अत्याचार पोसायडनने केला, मग हातात मस्तक पर्सियसचे का? सूड घेणारी मेडुसा इतकी सडपातळ, नग्न आणि पुरुष शिल्पकाराच्या नजरेतली का?

पहिला प्रश्न अधिक खोल आहे. पर्सियस हाही एका शिक्षा झालेल्या बाईचा मुलगा. आजोबांनी त्याची आई डॅनई हिला कोंडून ठेवले, झ्यूसपासून मूल झाल्यावर माय-लेकरांना पेटीत घालून समुद्रात सोडले. पुढे पॉलिडेक्टिस या राजाची नजर डॅनईवर होती. तिच्या मुलाचा काटा काढण्यासाठी त्याने त्याला मेडुसाचे मस्तक आणायला धाडले. एका बाईची सुटका दुसऱ्या बाईच्या मुंडक्याच्या बदल्यात झाली. झ्यूस आणि पोसायडन दोघेही नामानिराळे राहिले. मस्तकांची अदलाबदल केल्याने हा हिशेब पुरा होत नाही.

या कादंबऱ्या कुठे कमी पडतात?

पहिली त्रुटी म्हणजे निर्दोषत्वाचा सोस. होमरची सर्सी खलाशांना डुकरे बनवते, त्यामागे काही कारण दिलेले नाही. मिलर यांच्या कादंबरीत खलाशांचा कप्तान तिच्यावर बलात्कार करतो आणि त्यानंतर ती हे करू लागते. प्रसंग ताकदीने लिहिला आहे. पण हा साचा इतर पुस्तकांतही वारंवार दिसू लागला, की वाचकाला वाटते, बाईला राग यायला आधी तिच्यावर अत्याचार व्हावाच लागतो. पुरुष नायकांना अशा प्रमाणपत्राची गरज कधी पडली नाही. मिलर यांचे श्रेय हे, की स्किला या अप्सरेला आपण मत्सरातून राक्षसीण बनवले, हे ओझे त्यांची सर्सी शेवटपर्यंत वागवते. पीडित बाई दुसरीला पीडा देऊ शकते, हे मान्य करणारी पुस्तके जास्त टिकतील.

दुसरी त्रुटी म्हणजे पारडे उलटवण्याची घाई. ‘स्टोन ब्लाइंड’मध्ये पर्सियस भित्रा आणि कुरकुरा दिसतो. वाचताना मजा येते. पण तो खुजा झाल्याने मेडुसावर झालेल्या अन्यायाची व्यवस्थाही खुजी वाटू लागते. शूर, प्रेमळ, आईची काळजी घेणारा तरुणही असे कृत्य निर्धास्तपणे करू शकतो, हे अधिक भयंकर सत्य त्यात हरवते. बार्कर यांच्या कादंबरीत वेगळी अडचण आहे. ब्रिसेइसचे निवेदन मध्येच बाजूला सरते आणि कथा अकिलिसकडे जाते. गप्प बसवलेल्या बाईला आवाज देणाऱ्या पुस्तकातही नायक जागा अडवतोच.

तिसरी त्रुटी वर्गाची. राण्या, राजकन्या आणि देवता यांच्या नावाने कादंबऱ्या निघतात, पण फासावर गेलेल्या बारा गुलाम मुलींचे नाव मुखपृष्ठावर येत नाही. याला ठळक अपवाद ॲटवुड यांचा. ‘द पेनेलोपियाड’मध्ये त्या बारा जणींचा कोरस पुन्हा पुन्हा मंचावर येतो, ओडिसियसवर खटला भरतो आणि पेनेलोपीलाही सोडत नाही. तुझ्यासाठी आम्ही हेरगिरी केली, मग आमच्या गळ्यात दोर पडला तेव्हा तू कुठे होतीस, हा त्यांचा सवाल आहे. नायिकेलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे धाडस नंतरच्या अनेक पुस्तकांत दिसत नाही.

मराठी वाचकाला हे नवे आहे का?

अजिबात नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे देव्हाऱ्यातून खाली उतरवून माणूस म्हणून पाहिले, तेही महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन. त्याच्याही कितीतरी आधी जात्यावर दळताना बायकांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या रचल्या आणि रामाला प्रश्न विचारले. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. लोकगीतांतील सीतेवर तारा भवाळकर यांनी दीर्घ अभ्यास केला आहे.

अहल्येची कथा तर मेडुसाच्या शेजारी ठेवून वाचावी अशी. वेषांतर करून आलेला देव, फसगत आणि शाप हे सारे तिच्यातही आहे. इंद्रालाही शाप मिळतो, हा एक मोठा फरक. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात तिची शिळा होत नाही. ती अदृश्य होऊन, राखेत पडून, वाऱ्यावर जगत राहते; दगड होणे नंतरच्या परंपरेत आले. तिने इंद्राला ओळखले होते की नाही, यावरही कथा एकमत नाहीत. म्हणजे ‘मूळ कथा कोणती’ हा प्रश्न येथेही तितकाच निसरडा आहे.

फरक आहे तो जोखमीचा. झ्यूस आणि अपोलो यांचा आज मोठा भक्तवर्ग नाही. अपोलोला अत्याचारी दाखवणाऱ्या लेखिकेच्या दारात कोणी मोर्चा आणत नाही. आपल्याकडे या कथा घरातल्या पूजेचा, सणांचा भाग आहेत. त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याला अधिक तयारीनिशी, ग्रंथ आणि लोकपरंपरा दोन्ही जाणून उभे राहावे लागते. ओवी रचणाऱ्या बायकांनी हे श्रद्धा न सोडताही साधले होते, हे विसरू नये.

मग या पुस्तकांकडे कसे पाहावे?

बाजारात या प्रकारच्या पुस्तकांची आता गर्दी झाली आहे. सोनेरी मुखपृष्ठ, एका ग्रीक स्त्रीचे नाव आणि ‘तिची न सांगितलेली गोष्ट’ अशी जाहिरात, हा ठरीव नमुना बनला आहे. त्यातले बरेचसे काही वर्षांत विसरले जाईल. म्हणून एक साधी कसोटी लावता येईल. पुस्तक वाचून झाल्यावर फक्त ‘बिचारी मेडुसा’ एवढेच मनात उरले, तर ते पुस्तक अपुरे. गुन्हा कोणी केला, शिक्षा कोणी दिली, ती कथा कोणी सांगितली आणि आपण ती इतकी वर्षे निमूटपणे का ऐकली, हे प्रश्न उरले, तर ते पुस्तक कामाचे.

कारण हा मामला केवळ ग्रीसचा किंवा पुराणाचा नाही. ती तेथे गेलीच कशाला, तिने काय घातले होते, आधी गप्प का राहिली, हे प्रश्न आजही तक्रार घेऊन आलेल्या बाईला पोलीस ठाण्यात, कचेरीत आणि घरातल्या बैठकीत विचारले जातात. देवीच्या मंदिरात मेडुसाला जी शिक्षा झाली, तिच्यामागे हाच विचार होता : जागा बाटली, तर तेथे सापडलेली बाई दोषी. ओव्हिडच्याच काव्यात फिलोमेला नावाची राजकन्या आहे. बहिणीच्या नवऱ्याने तिच्यावर बलात्कार केला आणि तिने कोणाला सांगू नये म्हणून तिची जीभ कापली. तिने माग लावला, घडलेले सारे कापडावर विणले आणि ते बहिणीकडे पाठवले. बहिणीने ते कापड उलगडले, वाचले आणि विश्वास ठेवला. या साऱ्या कथांत इतक्या सहज विश्वास ठेवणारे माणूस फार क्वचित भेटते. नव्या पुस्तकांनी वाचकांतून अशी माणसे थोडी जरी वाढवली, तरी ही फेरसुनावणी वाया गेली असे म्हणता येणार नाही.